पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना लावा

गाडीखाली लाल ठिपके पडतायत आणि वळवताना कुंईऽऽ असा आवाज येतोय तर नुसतं ऑइल ओतत बसू नका. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, लेव्हल उतरली म्हणजे कुठंतरी गळतंयच, आणि यवतेश्वर नाहीतर पसरणीच्या घाटात वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं तर काय होईल ते सांगायला नको. (नवीन बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग इलेक्ट्रिक असतं, त्यात ऑइल नसतंच.)

ठिपका आधी पांढऱ्या कागदावर टिपून घ्या. स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, काळपट असेल तर बहुतेक इंजिनचं. स्टिअरिंगचं ऑइल पातळ, लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं, काही कंपन्यांचं हिरवं असतं.

आता इंजिन गार असताना ऑइलची डबी, पंप, पाइप, रॅक (पुढची चाकं वळवणारा दांडा) सगळं कापडानं स्वच्छ पुसा, खाली पुठ्ठा टाका. एकानं इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवायचं, पण टोकाला पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही, आणि दुसऱ्यानं टॉर्च मारून बघायचं. ऑइल ओघळत खाली आणि मागं जातं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधा. आणि चालू इंजिनात प्रेशर होजला (पंपाकडून रॅककडं जाणाऱ्या पाइपला) हात लावून गळती अजिबात बघू नका!! टायरमधे साधारण सव्वादोन बार हवा असते, इथं टोकाला ७० बारच्या वर जाऊ शकतं, बारीक फवारा कातडीतनं आत घुसतो.

डबीकडं येणारा रिटर्न पाइप क्लिपपाशी ओला असेल तर काम स्वस्तातलं, चिरलेलं टोक कापा, नवीन क्लिप घाला, लांबी पुरत नसेल तर पाइपच बदला. प्रेशर होजला मात्र क्लिपचा जुगाड चालत नाही, अख्खा होज बदलायचा. होजच्या बोल्टपाशी ओलं असेल तर तांब्याचे वॉशर नवीन टाका. पंपाच्या पुलीमागं ओलं म्हणजे शाफ्टचं सील गेलं, तेव्हा बेल्टवर ऑइल उडालंय का तेपण बघा. रॅकच्या टोकाचे रबरी बूट दाबून बघा, आत ऑइल साठलं असेल तर रॅकचं सील गेलं, ते गॅरेजचंच काम. पण बूट सोडून दाखवल्याशिवाय रॅक बदलायला हो म्हणू नका, वरच्या होजचं ऑइल ओघळून रॅकवर येतं आणि माणसाचे हजारो रुपये उगाच जातात. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांवर माझा भरवसा नाही, फुटलेला होज त्यानं सांधत नाही.

काम झालं की ऑइलमधे अडकलेली हवा काढायची. पुढची चाकं जॅकवर उचलून खाली स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवा आणि लेव्हल उतरेल तसं मॅन्युअलमधे लिहिलेलंच ऑइल घाला. मग इंजिन चालू करून परत तेच. डबीत फेस दिसला तर अजून हवा आहे, थोडा वेळ बंद ठेवून परत फिरवा, आणि दोन-चार दिवस गाडी चालवून पुठ्ठा पुन्हा खाली टाकून बघा.