समित्यांचे अहवाल वाचायला बसताय? आधी तारखा लिहून काढा

कॅगचे (देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे) अहवाल तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीत 22 सदस्य, 15 लोकसभेचे, 7 राज्यसभेचे, मंत्री सदस्य होऊ शकत नाही, 1967 पासून प्रथेने अध्यक्ष विरोधी पक्षाचा. हे तुम्हाला पाठ असणारच. परीक्षेला तेवढं पुरतं. पण सरकारी खर्च, खाणी, जंगलं यांवर संशोधन करून पोट भरायचं असेल, तर या पाठांतराला कुणी विचारत नाही. ग्वाल्हेरची मुलं मला फोन करून पहिलं विचारतात, "ताई, कुठला कोर्स करू?" कोर्सचं नंतर बघू. आधी सापळा कुठे आहे ते ऐका.

सापळा तारखांचा आहे. एका लेखापरीक्षण परिच्छेदामागे, म्हणजे कॅगच्या अहवालातल्या एका आक्षेपामागे, किमान चार तारखा असतात. पैसा ज्या वर्षी खर्च झाला, किंवा यायला हवा होता आणि आला नाही, ते वर्ष. कॅगचा अहवाल सभागृहाच्या पटलावर आला तो दिवस. समितीने त्यावर स्वतःचा अहवाल दिला तो दिवस. आणि सरकारने पुढे काय केलं हे सांगणारा कार्यवाही अहवाल आला तो दिवस. या चारांमध्ये कित्येक वर्षं निघून जातात. कॅगचा अहवाल राष्ट्रपती किंवा राज्यपालांमार्फत सभागृहापुढे ठेवला जातो, असं अनुच्छेद 151 सांगतो; किती दिवसांत ठेवायचा, यावर तो गप्प आहे. समितीची मुदत एक वर्षाची. मध्ये निवडणूक लागली की सगळंच लांबतं.

कोळशाच्या खाणपट्ट्यांच्या वाटपाचं प्रकरण घ्या आणि पेन्सिल हातात धरा. कॅगचा अहवाल संसदेत आला ऑगस्ट 2012 मध्ये. त्यातला 1.86 लाख कोटींचा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. पण तो खासगी कंपन्यांना झालेल्या फायद्याचा अंदाज होता, 57 खाणपट्ट्यांवरून आणि 31 मार्च 2011 ची स्थिती धरून काढलेला. तिजोरीतून तेवढी रोकड गेली, असा त्याचा अर्थ नाही. सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 218 पैकी दोनशेहून जास्त वाटपं रद्द केली, आणि न्यायालयाने हिशोब धरला तो थेट 1993 पासूनच्या वाटपांचा. 2015 मध्ये कोळशासाठी वेगळा कायदा आला, 1957 च्या खाण कायद्यातही दुरुस्ती झाली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानं (खाणबाधित भागासाठी निधी वापरणाऱ्या संस्था) आली. आता कुणी 2012 चा अहवाल पुढ्यात ठेवून "सध्याच्या वाटप पद्धतीतील दोष" असं टिपण लिहिलं, तर मुलाखत घेणारा शांतपणे एवढंच विचारतो: ही पद्धत आज चालू आहे का? पुढे बोलायला काही उरत नाही. त्या खुर्चीत मी बसलेली आहे, म्हणून इतकं लांबण लावतेय.

अहवालांच्या क्रमांकांतही हेच. लोकसभेच्या समित्यांचे अहवाल प्रत्येक नव्या लोकसभेबरोबर पुन्हा एकपासून सुरू होतात. "लोकलेखा समितीचा दहावा अहवाल" एवढंच लिहिलंत तर कुठल्या लोकसभेतला? राज्यसभेकडच्या समित्यांचे क्रमांक मात्र सलग चालतात, त्यामुळे पर्यावरणाच्या समितीचा आकडा तीनशेच्या वर दिसला तर दचकू नका. अर्थसंकल्पातही तारखा अशाच फसवतात: 2024-25 च्या पुस्तकात "प्रत्यक्ष" म्हणून छापलेला आकडा 2022-23 चा असतो. शेजारच्या रकान्यातले अंदाज त्याला सरळ जोडून "वाढ झाली" म्हणणारे लेख मी दर मार्चमध्ये वाचते.

इतकं ऐकून कुणी पळून जाऊ नका. बाकीचं खरंच सोपं आहे, सवयीचं आहे. राज्याच्या जमेत खनिजांची रॉयल्टी 0853 या मुख्य शीर्षाखाली (सरकारी हिशोबातल्या चार अंकी खात्याखाली) येते. पहिला अंक 0 म्हणजे महसुली जमा, 2 म्हणजे महसुली खर्च, 4 म्हणजे भांडवली खर्च. त्यामुळे 2853 आणि 4853 कशाचे, ते तुम्हीच सांगाल. वनांचं 0406, 2406, 4406. आठवडाभर रोज थोडं चाळलंत की हे आकडे दुकानांच्या पाट्यांसारखे ओळखीचे होतात.

आता गुरूंबद्दल. माझं मत एकांगी आहे, असू दे. झाशी रोडवर एजी ऑफिस (महालेखापालांचं कार्यालय) असलेल्या ग्वाल्हेरसारख्या गावात राहून कुणी ऑनलाइन सर्टिफिकेटवर पैसे घालवत असेल, तर मला वाईट वाटतं. इथल्या लष्कर भागात, विशेषतः चिटणीसांच्या गोठीकडे, चार घरं सोडून एक तरी काका एजीतून निवृत्त झालेले सापडतात. माझ्या ओळखीचे एक काका अहवाल मागून उघडतात. आधी परिशिष्ट, त्यातली जिल्हावार यादी, बोटाने एकेक ओळ खाली. मी सारांश वाचताना दिसले की म्हणायचे, "तो साहेबांसाठी असतो गं." कोचिंगच्या नोट्समध्ये परिशिष्ट कधीच नसतं. सगळेच काका शिकवतील असं नाही. काहींना फक्त 1980 च्या बदल्यांच्या गोष्टी सांगायच्या असतात. त्याही ऐका, चहा मिळतो.

चंबळच्या वाळूवर काम करायचंय म्हणणारे बरेच भेटतात. वाळू गौण खनिज आहे, 1957 च्या खाण कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तिचे नियम राज्य करतं. संसदेच्या कोळसा, खाण व पोलाद समितीच्या अहवालांत ती शोधत बसू नका. भोपाळला विधानसभेचे आणि राज्याच्या लेखापरीक्षणाचे अहवाल बघा. बरेचसे हिंदीत आहेत, आपल्याला त्याचं काय! अभयारण्य आणि घडियालांचा (लांब तोंडाच्या मगरींचा) भाग मात्र 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, तिथे पर्यावरणाची समिती उपयोगी पडू शकते.

संसदेच्या विभागांशी संबंधित स्थायी समित्या 24 आहेत, प्रत्येकी 31 सदस्य. त्या अनुदानाच्या मागण्या (मंत्रालयांनी मागितलेला खर्च) तपासतात, पण कपात सूचनेच्या स्वरूपाचं, म्हणजे मागणीतला पैसा कमी करा असं, काही सुचवू शकत नाहीत. "समितीने पैसे कापले" असं लिहू नका. साक्षींचंही जपून: समितीपुढची साक्ष पटलावर येईपर्यंत गोपनीय असते. ओळखीच्या पीएकडून "जरा कागद मिळतो का" विचारणं हुशारीचं वाटतं. ते करू नका, विशेषाधिकार भंगाचं लफडं होतं.

कार्यवाही अहवालात थेट चौथ्या प्रकरणावर जा. सरकारचं उत्तर जिथे समितीला पटलेलं नसतं, त्या शिफारशी तिथे असतात. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या, तिसऱ्यात समितीने आग्रह सोडलेल्या, पाचव्यात अंतरिम उत्तरं. माझ्या मते चौथं प्रकरण वाचल्याशिवाय पहिलं उघडूच नये.

सरावासाठी मध्य प्रदेशातल्या खनिज महसुलावरचा कुठलाही एक परिच्छेद निवडा आणि वहीत चारही तारखांची जागा आखा. चौथी जागा बरेचदा रिकामी राहील. ती बातमीतल्या तारखेने भरू नका. "अमुक दिवसापर्यंत उत्तर आढळलं नाही" असं लिहा आणि तो अमुक दिवस घालायला विसरू नका.