रात्रीच्या पाण्यासाठी घरीच बांधा लिथियमचा पॅक

रब्बीत बऱ्याच ठिकाणी कृषिपंपाची थ्री फेज लाईन पाळीने येते. एक आठवडा दिवसा, तर पुढचा रात्री. रात्रीच्या पाळीत हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या माणसाचा एक हात फावड्यावर असतो, पाय चिखलात असतो आणि मनात साप-विंचवाची भीती असते. मोबाईलच्या टॉर्चवर ती रात्र निघत नाही. आमचे वडील परभणी जिल्ह्यातल्या आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, असेच जातात. लिथियमचे सेल जोडून पहिला पॅक मी त्यांच्यासाठीच बांधला. आमच्याकडे ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च, म्हणून इथे मी ‘पॅक’च म्हणणार आहे.

आपण चार सेलचा पॅक करू आणि त्यावर ५ व्होल्टचा, ३ वॅटचा यूएसबी बल्ब लावू. सेल १८६५० या मापाचे घ्यायचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. एक सेल २००० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) धरला तर चारांचे ८००० होतात. सरासरी ३.७ व्होल्टने गुणलं की जवळपास ३० वॅट-तास येतात. मधल्या सर्किटमध्ये थोडी ऊर्जा वाया जाते, तरी २४-२५ हाती लागते. म्हणजे आठ तास उजेड.

सामान फार लागत नाही. चार सिंगल सेल होल्डर, संरक्षणासह असलेलं टीपी ४०५६ चार्जिंग मॉड्यूल, सेलचा व्होल्टेज ५ वर चढवणारं बूस्ट मॉड्यूल, ३ अँपिअरचा फ्यूज, एक स्विच, थोडी वायर आणि प्लॅस्टिकचा जंक्शन बॉक्स. मल्टीमीटर मात्र हवाच. तो नसेल तर हे काम हाती घेऊ नका. टीपी ४०५६ दोन प्रकारचं मिळतं. ज्यावर ‘बी’ आणि ‘आउट’ अशा प्लस-मायनसच्या वेगळ्या जोड्या आहेत, तेच घ्या. सेल सुमारे अडीच व्होल्टपर्यंत उतरला की ते लाईन तोडतं. चार सेलचा एकच तयार होल्डर शक्यतो टाळा. त्यातले बरेच आतून सिरीजमध्ये, म्हणजे एकाच्या प्लसला दुसऱ्याचा मायनस असे, जोडलेले असतात, त्यामुळे १६ व्होल्ट बाहेर येतात आणि मॉड्यूल जळतं.

खरी मेहनत सेल निवडण्यात आहे. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून चांगले सेल निघतात. तो पॅक उघडताना स्क्रूड्रायव्हर आत खुपसायचा नाही, कडेकडेने सांधा उकलायचा. ज्या सेलचा व्होल्टेज दोनच्या खाली गेलाय, ज्यावर गंज किंवा ओल आहे, जो चेपलाय, तो बाजूला काढा. उरलेले एकेक करून ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करा, त्यावर मार्करने तारीख लिहा आणि आठवडाभर तसेच ठेवा. आठ दिवसांनी जो ४.१ च्या खाली उतरला असेल, तो आतून गळतोय. चार्ज होताना हाताला चटका देणारा सेलही नको. नवीन घेत असाल तर वेष्टनावरच्या ‘९९०० एमएएच’ला भुलू नका. या मापात नावाजलेल्या कंपनीचा सेलही साधारण ३५०० च्या आसपास असतो. अस्सल सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा, ३० ग्रॅम भरला तर परत करा.

आता सेल डोळ्यांजवळ धरून बघा. आपल्याला वाटतं, वरचं टोक प्लस आणि खालचं मायनस. पण खालच्या टोकापासून वरच्या काठापर्यंतचं अख्खं पत्र्याचं डबडं मायनस आहे. तो काठ वर आत वळतो आणि प्लसच्या बटणाच्या अगदी जवळ येऊन थांबतो. मध्ये काय, तर एक पातळ प्लॅस्टिकची कडी आणि वरचं रंगीत वेष्टन. माझ्या पहिल्या पॅकमध्ये एका सेलचं वेष्टन त्याच काठावर नखाएवढं फाटलं होतं. मी दुर्लक्ष केलं. प्लसवरची पट्टी तिथे टेकली, ठिणगी उडाली, पट्टी लाल झाली आणि ती ओढून काढताना माझी दोन बोटं भाजली. तेव्हापासून प्रत्येक सेलच्या प्लसवर बार्ली पेपरची (वीज अडवणाऱ्या चिकट कागदाची) गोल चकती चिकटवल्याशिवाय मी पुढे जात नाही. वेष्टन फाटलं असेल तर नवीन हीट श्रिंक (गरम केल्यावर घट्ट बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवा. घड्याळ आणि अंगठ्या काढून ठेवा.

मग जोडणी. सेल न बसवता आधी चारही होल्डरचे प्लस एकत्र आणि मायनस एकत्र सोल्डर करा. डाख होल्डरच्या पायांना द्यायचा, सेलला कधीच नाही, त्या उष्णतेने सेल आतून खराब होतो. प्लसची वायर फ्यूजमधून मॉड्यूलच्या ‘बी प्लस’ला आणि मायनसची ‘बी मायनस’ला न्या. ‘आउट’कडून स्विच, स्विचकडून बूस्ट मॉड्यूल आणि तिथून बल्ब. होल्डरच्या प्लस बाजूला लाल रंगाचा ठिपका द्या. अशा पॅरलल जोडणीत एक सेल जरी उलटा बसला तरी बाकीचे तीन त्याच्यावर तुटून पडतात, आणि तिथे आपला फ्यूज कामाला येत नाही.

सेल बसवण्याआधी सगळ्यांचा व्होल्टेज पुन्हा मोजा. फरक ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त नको. एक ४.१ चा आणि एक ३.५ चा जोडला तर भरलेला रिकाम्यात पाच-सहा अँपिअरने ओततो. पहिल्या रात्री घरीच, फरशीवर ठेवून चालवा. तासाभराने हात लावा, सेल गरम लागता कामा नयेत.

हे मॉड्यूल १ अँपिअरने चार्ज करतं, म्हणून रिकामा पॅक भरायला नऊ-दहा तास लागतात. लाल दिवा जाऊन निळा किंवा हिरवा लागला की झालं. चार्जिंग चालू असताना बल्ब लावू नका. या पॅकवर मोबाईल जोरात चार्ज करायला गेलात तर संरक्षण लाईन तोडेल. पुन्हा सुरू व्हायला कधी कधी चार्जर एकदा लावावा लागतो.

आपल्याकडे थंडीपेक्षा ऊन जास्त जपायला हवं. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ ला असताना पत्र्याच्या खोलीतलं तापमान त्याच्या कितीतरी पुढे जातं. म्हणून पॅक आखाड्यावर सोडायचा नाही. घरी आणायचा, फरशीवर, कापूस आणि अंथरुणापासून लांब ठेवायचा आणि घरात कोणी जागं असताना चार्जिंगला लावायचा. पॅक फुगला किंवा फुसफुसू लागला तर प्लग काढा, धुरापासून लांब व्हा आणि लांबूनच भरपूर पाणी मारा.

हाच पॅक मोटारसायकलवर रोज हिंदकळणार असेल तर होल्डर ढिले पडतात. मग निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग करून घ्या, ई-बाईकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडे ते होतं. फवारणी पंपासाठी १२ व्होल्ट लागतात. तिथे लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल सिरीजमध्ये आणि त्यांचा स्वतःचा बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) हेच योग्य; ते उष्णतेला जास्त टिकतात. पण ते ३.६५ व्होल्टलाच भरतात, त्यामुळे त्यांना वरचं टीपी ४०५६ चालत नाही.

बाजूला काढलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि वाळूच्या डब्यात ठेवा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जवळच्या ई-कचरा संकलन केंद्रावर ते देता येतात. तोपर्यंत डबा उकिरड्यापासून लांब ठेवा; तिथे पऱ्हाट्या पेटवल्या जातात.