यवतेश्वरचा घाट उतरताना

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला येणारा नवखा माणूस हमखास विचारतो, "चढ किती आहे हो?" अहो, चढाने नुसता दम लागतो. पायांची वाट लागते ती परतताना. पहिल्या वर्षी मी यवतेश्वरहून वासरासारखा उधळत खाली आलो, घड्याळ बघून खूशही झालो. दुसऱ्या दिवशी जिना उलट्या पावलांनी उतरलो, आणि संडासात बसलो तो नळ धरूनच उठलो.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच वजन अडवत असतो. त्यात त्याचे धागे बारीक फाटतात, म्हणून दुखणं एक-दोन दिवसांनी जोर धरतं. शिवाय पाऊल आदळतं. ९ अंशांच्या उतारावर हा दणका सपाटीपेक्षा ५४ टक्के जास्त मोजला गेलाय.

घाटातला जुना ड्रायव्हर ज्या गियरमध्ये चढतो, त्याच गियरमध्ये उतरतो. तसंच पावलं आखूड, भराभर टाका. पाऊल कमरेखाली पडू द्या. भीतीने माणूस मागे रेलतो, मग टाच पुढे जाते आणि दर पावलाला ब्रेक गुडघ्यात लागतो. घोट्यातून किंचित पुढे झुका. वळणाच्या आतल्या बाजूला उतार जास्त, ती सोडा. पावसात कडेच्या शेवाळावरही जाऊ नका.

सराव मात्र उतरायचाच हवा. मी चढ पळायचो आणि मित्राच्या स्कूटरवर बसून खाली यायचो! एकदा उतरणीने भरून आलेले पाय पुढचे काही आठवडे कमी कुरकुरतात, हीच त्यातली मेख. सहा आठवडे आधी हलक्या उतारावर अर्ध्या किलोमीटरपासून सुरू करा, आठवड्यातून एकदाच. शेवटची मोठी उतरण शर्यतीच्या दोन आठवडे आधी.

नखं कापा आणि बुटाची नाडी वरच्या भोकापर्यंत आवळा. माझ्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख दिवाळीत गळालं.

मांड्या भरून येणं चालतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला टोचलं तर उरलेला घाट चालत उतरा. नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ आली तर पळणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि आधीच पेनकिलर घेऊन पळू नका. दुखणं कळत नाही ते वेगळंच, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती गोळी मूत्रपिंडावर येऊ शकते.