ऑनलाइनला २२० पोरं असतील तर फ्लिप क्लासरूम कसं जमवायचं

फ्लिप क्लासरूम म्हणजे शिकवणं आधी घरी व्हिडिओवर, आणि तासाला गणितं, चर्चा, शंका. ऐकायला सोपं. मी सांगलीत बी.ए.च्या पोरांना इकॉनॉमिक्स शिकवतो, पहिल्यांदा केलं तेव्हा ४५ मिनिटांचा व्हिडिओ टाकला, तासाला विचारलं "बघितला का रे?", चॅटवर धडाधड "येस सर", आणि पहिलाच प्रश्न टाकला तर सगळं चिडीचूप.

तर आधी व्हिडिओ तोडा. एका व्हिडिओत एकच मुद्दा, ६ मिनिटं, बास. २०१४ साली एडेक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवरचा अभ्यास आला होता, त्यातही बघणारे साधारण तेवढेच टिकतात असं दिसलेलं. जत-आटपाडीकडं वस्तीवर राहणाऱ्या पोरांची रेंजची बोंब असते, त्यांच्यासाठी त्याचाच ऑडिओ आणि २ पानांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर सोडायची.

मग गुगल फॉर्म. २ गणितं, शेवटी "कुठं अडलं?", आणि रात्री १०ला बंद. सगळी उत्तरं वाचत बसू नका, कुठला शब्द सारखा येतोय तेवढं बघा.

आता लाइव्ह तास, खरी मेख इथंच. बघितलं नाही म्हणणाऱ्यांसाठी तेच परत शिकवायला लागलात की संपलं, पुढच्या वेळी कोण बघणारच नाही. थेट प्रश्न टाका. माझा असा: बेदाणा २०० वरनं २२० रुपये किलो झाला, मागणी १०० किलोवरनं ८० वर आली, तर लवचिकता किती? (लवचिकता म्हणजे मागणीतला टक्के बदल भागिले भावातला टक्के बदल.) पोल लावायचा, उत्तर फोडायचं नाही. हार्वर्डचे एरिक माझूर १९९०च्या दशकापासनं फिजिक्सच्या मोठ्या वर्गात हेच करत आलेत, आधी एकट्यानं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग परत उत्तर. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर वाद घालू द्या, कमी असतील तर समजावून सांगा, जास्त असतील तर पुढं चला. माझ्याकडं निम्म्यांनी ०.५ लिहिलेलं, उत्तर आहे २, भागाकार उलटा केलेला.

पण ऑनलाइनला शेजारी आणायचा कुठनं? ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्गातल्या छोट्या वेगळ्या खोल्यांत, कुणालाही कुठंही टाकलं की कॅमेरा बंद, माइक बंद, ४० खोल्या गप्प. म्हणून सेमिस्टरभर ५-६ जणांचे पक्के गट, शक्यतो एकाच तालुक्यातले, ५ मिनिटं व्हॉट्सॲप कॉल, आणि दर वेळी वेगळ्यानं कारणासकट उत्तर टाकायचं. तासगावच्या गटानं लिहिलं, "सर भाव १० टक्के वाढला आणि गिऱ्हाईक २० टक्के पळालं, म्हणजे दुप्पट."

इंटर्नलचे थोडे मार्क फॉर्मला ठेवा, पण फक्त वेळेत भरल्याबद्दल. बरोबर उत्तराला ठेवलेत की एकाचंच उत्तर अख्ख्या गटात फिरतं, स्पेलिंगच्या चुकांसकट.