काम सुटलेला घोडा सांभाळताना

घोडा साधारण 25 ते 30 वर्षं जगतो. शर्यतीचा घोडा बहुधा पाच-सहाव्या वर्षीच बाद होतो, शिकाऊ लोकांना पाठीवर घेणारा पंधरा-वीसपर्यंत ओढतो. म्हणजे काम सुटतं तेव्हा आयुष्य बरंच शिल्लक असतं, आणि ते कुणाच्या खर्चाने काढायचं हा प्रश्न शेवटच्या दिवशी उगवतो. तो आधीच सोडवून ठेवायला हवा. ज्याने घोड्याची उमेदीची वर्षं वापरली, त्यानेच उतारवयाचा खर्च उचलायचा, असं माझं सरळ मत आहे. घोडा कामात असतानाच त्याच्या नावाने दरमहा काही बाजूला टाका. लगाम, खोगीर, नाल यांना पैसे निघतात, तसे यालाही निघतात.

पागेत आयुष्य गेलं माझं. आता म्हातारे घोडे सांभाळते. लोक विचारतात, "त्यात काय, माळावर मोकळे सोडायचे ना?" मोकळं सोडणं आणि वाऱ्यावर सोडणं यात फार थोडं अंतर असतं, आणि ते अंतर रोजच्या कंटाळवाण्या कामांनी राखावं लागतं. ती कामं कशी करायची, ते सांगते.

आधी ठरवा, तो राहणार कुठे

घोडा स्वतःकडे ठेवता येत नसेल तर मालकी न सोडता तो दुसऱ्याकडे सांभाळायला द्या. लेखी करार करा. त्यात पुढे विकायचा नाही, पैदाशीला लावायचा नाही, सांभाळणं जमेनासं झालं तर परत तुमच्याकडेच यायचा, हे स्पष्ट असू द्या. मग वर्षातून दोन-तीनदा न कळवता जाऊन बघा. "चांगल्या घरी फुकट देणे आहे" या जाहिरातीची मला धास्ती वाटते. फुकट मिळालेल्या जनावराचा पुढचा प्रवास कुणी लिहून ठेवत नाही.

नावाजलेला घोडाही यातून सुटत नाही. फर्डिनांड या घोड्याने 1986 ची केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली नावाजलेली शर्यत, जिंकली होती. 1994 मध्ये तो पैदाशीसाठी जपानला विकला गेला, तिथे मागणी आटली, हात बदलत गेला आणि 2002 मध्ये कत्तलखान्यात पोचला. डर्बी जिंकलेल्याची ही गत, तर बाकीच्यांचं काय सांगावं!

पैदाशीचं निघालंच आहे तर एक गोष्ट. घोडीचं काम सुटलं की मालकाला पहिली आठवण शिंगराची होते. अकरा महिने पोटात वाढवायचं आणि पुढे अंगावर पाजायचं, याला विश्रांती म्हणू नका. तरुण घोडा शर्यतीतून बाद झाला असेल तर त्याला विश्रांतीनंतर दुसरं, हलकं काम शिकवणं जास्त शहाणपणाचं.

एकदम थांबवू नका

कसलेला घोडा एका रात्रीत रिकामा बसवला तर तो बिघडतो. काम कमी करत जा, त्याच बेताने चंदीही उतरवा. दोन-तीन आठवडे लागू द्या. चंदीची जागा वाळल्या गवताने घ्यायची. हिरव्या कुरणात पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं पुरेत, मग रोज थोडी वाढ. दाण्यातला स्टार्च किंवा कोवळ्या गवतातली साखर एकदम जास्त गेली की मोठ्या आतड्यातले जिवाणू बिघडतात, आम्ल वाढतं, पोट दुखतं आणि त्यातूनच लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराची दुखरी सूज, उद्भवू शकतो. शर्यतीच्या तालमीतल्या बहुसंख्य घोड्यांच्या जठरात व्रण असतात. त्यांच्यापुढे दिवसभर काहीतरी चघळायला हवं. उपाशी पोटाचे लांब तास टाळा.

नाल काढायचे तर नालबंदाला आधी खूर दाखवा आणि जमीन फार कडक नसताना काढा. खूर घट्ट व्हायला काही महिने जातात. तोवर खडकाळ वाटेवर नेऊ नका.

आणि सोबत. घोडा कळपाचं जनावर आहे. एकटा ठेवलेला घोडा कितीही खाऊन-पिऊन असला तरी सुखी नसतो. नव्या सोबत्याशी ओळख कुंपणाच्या दोन बाजूंनी करून द्या. कान पाडणं, किंचाळणं, लाथा झाडणं निवळलं की मगच एकत्र सोडा.

तोंडात बघा

माझ्याकडे ठकी नावाची घोडी आहे. तिच्या गव्हाणीखाली सकाळी मी आधी जमीन बघते. गवताचे अर्धवट चावलेले, लाळेने भिजलेले, लांबट बोळे पडलेले दिसले की समजायचं, दाढा काम करत नाहीत. ती गवत तोंडात घेते, मान तिरकी करून दोनदा घोळवते आणि बोळा टाकून देते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, घोडी मजेत खातेय. पोटात मात्र काहीच जात नसतं.

घोड्याची दाढ हाडात खोलवर दडलेली असते. ती वर्षाला 2 ते 3 मिलिमीटर वर सरकते आणि तेवढीच झिजते. पंचविशीच्या आसपास हा साठा संपत येतो. शिवाय वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड गाल कापते आणि खालच्यांची आतली कड जीभ. दात वर्षातून एकदा तपासून घासून घ्यावेत, विशीनंतर सहा महिन्यांनी. मात्र म्हाताऱ्या दाढा जास्त घासू देऊ नका. उरलंय किती हे बघूनच हात चालवायला सांगा.

दाढा गेल्या म्हणून घोडा संपत नाही. वाळल्या गवताच्या गोळ्या पाण्यात पूर्ण फुगेपर्यंत भिजवून लापशीसारखं खाणं द्यायचं. कोरडं दिलं तर घशाखाली नळीत अडकतं. मान ताणून खोकला आणि नाकातून हिरवट पाणी दिसलं की सगळं खाणं-पाणी समोरून काढा आणि डॉक्टरांना बोलवा. घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे 450 किलोंच्या जनावराला दिवसाला सुमारे 7 ते 9 किलो. सगळा चारा भिजवूनच द्यायचा असेल तर चार-पाच वेळांत विभागावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे, बादल्या घासून हात दुखतात. म्हाताऱ्याला वेगळं उभं करून खायला द्या, नाहीतर तरणा शेजारी दोन मिनिटांत त्याचा वाटा फस्त करतो.

डोळ्यांवर विसंबू नका, हाताने बघा

थंडीतल्या दाट केसांखाली हाडं लपतात. दर पंधरवड्याला बरगड्यांवरून तळहात फिरवा. किंचित दाबल्यावर बरगडी लागावी, दिसू नये. डॉन हेनेकी यांनी 1983 मध्ये मांडलेली 1 ते 9 अंगकाठीची मापनपद्धत आजही वापरतात. 5 च्या आसपास उत्तम. 3 म्हणजे हडकुळा, काळजीचं; 8 म्हणजे लठ्ठ, खुरांना धोका.

वजनकाटा नसेल तर टेप आणा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 180, लांबी 160 आली तर सुमारे 436 किलो. आकडा अगदी अचूक नसेल, पण महिन्या-महिन्याचा फरक नेमका कळतो, आणि उपयोग त्याचाच.

उन्हाळा लागला तरी केस झडेनात, लांब कुरळे राहिले, पाठीवरचं मांस उतरलं, पोट सुटलं, पाणी जास्त पिऊ लागला, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा हा विकार असतो, लोक त्याला कुशिंग म्हणतात. पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांत साधारण पाचातल्या एकाला होतो. रक्तातलं एसीटीएच हे संप्रेरक तपासून निदान होतं आणि परगोलाइडची गोळी रोज, जन्मभर द्यावी लागते. न दिल्यास लॅमिनायटिस मागे लागतो. त्याची चाहूल हाताला आधी लागते. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटं ठेवा. एरवी नाडी जेमतेम सापडते, आतमध्ये सूज असेल तर ती ठोके मारल्यासारखी उडते. खूर गरम, घोडा मागच्या पायांवर भार घेऊन रेललेला. असं दिसलं की त्याला मऊ जमिनीवर उभं करा, चालवू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

बाकीची कामं थोडक्यात. खूर सहा ते आठ आठवड्यांनी तासून घ्यावेत, नाल नसले तरी. सांधे आखडलेल्या घोड्याला पाय उंच धरवत नाही, म्हणून नालबंदाला पाय खाली धरायला आणि मध्ये मध्ये सोडायला सांगा; हे ज्याला पटत नाही तो नालबंद बदला. जंताचं औषध डोळे झाकून वरचेवर देऊ नका, लीद तपासून द्या. धनुर्वाताची लस चुकवू नका. पाणी दिवसाला 25 ते 50 लिटर लागतं. म्हातारे घोडे फार गार पाणी टाळतात, मग लीद सुकते आणि पोट धरतं, म्हणून थंडीत कोमट करून द्या.

एक खूण मात्र फार लोकांच्या नजरेतून सुटते. पुढच्या पायांच्या खालच्या सांध्यांवर, समोरच्या बाजूला, केस गेलेले किंवा खपल्या धरलेल्या दिसल्या तर घोडा झोपत नाहीये. उभ्या उभ्या घोड्याची डुलकी होते, पण गाढ झोपेचा थोडा वेळ त्याला आडवंच व्हावं लागतं. सांधेदुखीचा घोडा बसला तर उठवणार नाही या भीतीने आडवा होत नाही. मग उभ्यानेच झोप लागते, पाय दुमडतात, तो त्या सांध्यांवर आदळतो आणि दचकून सावरतो. वेदनेचं औषध, जाड मऊ अंथरूण आणि जवळ राखण करणारा सोबती, एवढ्याने बहुतेकांची झोप परत येते.

काम सुटलेला घोडा जुन्या वेळेला फाटकाशी येऊन उभा राहतो. त्याला त्या वेळेला बाहेर काढा, खरारा करा, दोर धरून फेरी मारून आणा. सांध्यांनाही चालणंच मानवतं, दिवसभर खोपीत बांधलं की ते आणखी आखडतात.

शेवट लांबवू नका

डोरोथी ब्रुक या ब्रिटिश बाई 1930 मध्ये कैरोला गेल्या तेव्हा पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश लष्कराचे घोडे तिथे रस्त्यावर ओझी ओढत होते. युद्ध संपल्यावर लष्कराने ते विकून टाकले होते. 1931 मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे 5,000 घोडे विकत घेतले गेले. 1934 मध्ये घोड्यांचं इस्पितळही उभं राहिलं. त्या घोड्यांतले बहुतेक इतके मोडलेले होते की थोडे दिवस पोटभर चारा आणि आराम देऊन त्यांना शांतपणे मरण देण्यात आलं. त्यांना वाचवलं म्हणायचं का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन.

दिनदर्शिकेवर रोज एक खूण करा. स्वतः उठला, खाल्लं, सोबत्याशी खेळला तर बरा दिवस, नाहीतर वाईट. वाईट दिवस वरचढ होऊ लागले की तारीख ठरवा. कडक थंडी किंवा चिखलाचा मोसम तोंडावर असेल तर त्याआधीची. मध्यरात्री पडलेल्या, उठता न येणाऱ्या घोड्याशेजारी हा निर्णय घेण्यापेक्षा आठवडाभर आधीचा दिवस त्याच्यासाठी चांगला. घोडा उद्याची वाट बघत नसतो. ती आपण बघतो.

इंजेक्शन की बंदूक, हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. शिकलेल्या हातातली गोळी क्षणात काम करते आणि इंजेक्शनला बिचकणाऱ्या घोड्यासाठी ती बरी. इंजेक्शनातून पेंटोबार्बिटल हे मरणाचं औषध दिलं असेल तर मांसात विष उरतं. कुत्री, गिधाडं ते खाऊन मरतात, म्हणून खोल पुरणं किंवा जाळणं भाग आहे. खड्डा आणि उचलायचं यंत्र आदल्या दिवशी तयार ठेवा. त्या वेळी दोर डॉक्टरांच्या किंवा सरावलेल्या माणसाच्या हाती द्या, कारण एवढं धूड कुठल्या बाजूला कोसळेल याचा नेम नसतो. नंतर सोबत्याला जवळ येऊन हुंगू द्या. ज्याला हुंगू दिलं नाही तो दिवसेंदिवस खिंकाळत, कुंपणाने येरझाऱ्या घालत शोधत राहतो असं मी पाहिलंय.

आता उलट बाजू. विशीतला घोडा तुमच्या मागेही राहू शकतो. मृत्युपत्रात त्याची सोय लिहा. तो कुणाकडे जाईल, त्या माणसाने होकार दिलाय का, पैसे कुठून येतील, आणि कुठल्या अवस्थेत त्याला जगवत ठेवायचं नाही, हे सगळं लिहा. सोबत रोजचा एक कागद जोडा. ठकीच्या कागदावर लिहिलंय: गोळी गुळात लपवली तर थुंकते, भिजवलेल्या खाण्यात कालवा, मागचा डावा पाय उंच धरू नका, म्होरकी नेहमी उजव्या बाजूने घाला, डाव्या डोळ्याने दिसत नाही.