टू-सीटर स्पोर्ट्स कारमध्ये छोटा पॉवर्ड सब लावताय? या चुका टाळा

दोन सीटच्या गाडीत सब (म्हणजे सबवूफर, फक्त बेस वाजवणारा स्पीकर) लावायचा म्हटलं की पहिली बोंब जागेची, म्हणून तर हे चपटे पॉवर्ड सब इतके खपतात, ॲल्युमिनियमचा चपटा डबा, आत 6 किंवा 8 इंचाचा स्पीकर आणि अँप (अँप्लिफायर) पण आतच, सीटखाली सरकवला की काम झालं. निदान बॉक्सवरचा फोटो बघून तरी तसंच वाटतं. मग चार दिवसांत सुरू होतं, बेसच नाहीये, घूंऽऽ आवाज येतोय, सकाळी गाडी स्टार्ट झाली नाही. आणि शिव्या बसतात बिचाऱ्या सबला. मी स्वतःच्या जुन्या रोडस्टरमध्ये (उघडणाऱ्या छताची टू-सीटर) हा उद्योग दोनदा केलाय, पहिल्यांदा अगदी वाईट, आणि सब दोन्ही वेळा तोच होता. बदललं ते फक्त वायरिंग आणि सेटिंग.

रिकाम्या सीटखाली टेप लावून मोजू नका

सीटवर माणूस बसला की फोम आणि स्प्रिंग खाली येतात, त्यात सीट पुढेमागे सरकते तेव्हा खालचा आडवा रॉड कुठून कुठे जातो हे आपण बघतच नाही. सबच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा, सीटखाली ठेवा, गाडीतल्या सगळ्यात वजनदार माणसाला बसवा, सीट दोन्ही टोकांना सरकवून बघा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. मी हे केलं नव्हतं, सीटचा रॉड वायरवर घासत राहिला आणि महिनाभरात इन्शुलेशन सोललं गेलं, फ्यूज होता म्हणून निभावलं.

सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या टेन्शनरचे असतात. सीट काढायचीच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, काही मिनिटं थांबा (किती ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं), आणि ते कनेक्टर सुटे असताना इग्निशन चुकूनही ऑन करू नका, नाहीतर डॅशवरचा एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय बहुतेक वेळा जात नाही.

सॉफ्टटॉप (कापडी छताची) गाडी असेल तर अजून एक. छताचं पाणी वाहून जायच्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या की पाणी सीटच्या मागे किंवा कार्पेटखाली साचतं. आधी त्या साफ करा, मग तिथे अँप ठेवायचा विचार करा.

डिकीत ठेवू का असं बरेच जण विचारतात. रोडस्टरमध्ये डिकी आणि केबिनच्या मध्ये पत्र्याची भिंत असते, बेस तिकडेच घुमतो आणि आपल्याला ऐकू येते फक्त नंबर प्लेटची थडथड. मागची सीट पाडता येणारी कूपे असेल तर गोष्ट वेगळी.

फ्लोअरला डोळे झाकून स्क्रू मारणं

खाली काय आहे ते गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. ब्रेकची लाइन, पेट्रोलची लाइन तिथूनच जाते, आणि बऱ्याच टू-सीटरमध्ये पेट्रोलची टाकी सीटच्या मागच्या भिंतीला लागूनच असते. म्हणून सब नुसताच सुटा ठेवायचा असंही नाही हं, धडक बसली तर तो डबा दगडासारखा उडतो. सोबत आलेले पट्टे आणि ब्रॅकेट त्यासाठीच असतात.

पॉवर आणि ग्राउंड, खरी गडबड इथेच

बॉक्सवर मोठ्या अक्षरात मॅक्स वॅट लिहिलेले असतात, ते विसरा, आरएमएस बघा, म्हणजे अँप सलग देऊ शकतो ती पॉवर. समजा आरएमएस 100 वॅट आहे आणि क्लास डी अँप (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) साधारण 75-80 टक्के एफिशियंट धरला, तर 13 व्होल्टला जेमतेम 10 अँपियर लागतात. म्हणजे हाताच्या अंगठ्याएवढी जाड केबल नको, पण सिगारेट लायटरच्या किंवा स्टिरिओच्या वायरला जोडून भागेल असंही नाही. बॅटरीपासून वेगळी वायर ओढायची, 8 किंवा 10 गेज (आकडा लहान तेवढी वायर जाड), शुद्ध तांब्याची. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर येते, ती तेवढाच करंट नीट नेत नाही, तीच वापरायची असेल तर दोन साइझ जाड घ्या.

फ्यूज बॅटरीच्या जवळ, 18 इंचाच्या आत. सबजवळ जो फ्यूज असतो तो सबसाठी, बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी, हे दोन वेगळे आहेत आणि लोक दुसराच विसरतात. वायर मधेच कुठे पत्र्याला टेकली तर सबजवळचा फ्यूज काहीच करू शकत नाही, ती वायर जळते. आणि फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा टाकून प्रश्न सुटत नाही, कारण शोधा.

वायर ओढायच्या आधी तुमच्या गाडीत बॅटरी कुठे आहे ते बघा. माझदा एमएक्स-5 च्या पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरी डिकीत असते, तिथे फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) वायर काढायची झंझटच नाही. बॅटरी बॉनेटखाली असेल तर फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबराची कडी) हवाच, उघड्या पत्र्याच्या कडेवर वायर हळूहळू कापली जाते.

आता ग्राउंड, म्हणजे सबची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडायची जागा. इंजिनचा आरपीएम वाढला की सबमधला किंवा स्पीकरमधला आवाज पण चढत जातो, विंऽऽऽ असा, तर पहिला संशय ग्राउंडवर घ्या. पेंट खरवडून चकचकीत पत्रा दिसला पाहिजे, रिंग टर्मिनल घट्ट, वायर शक्य तेवढी आखूड. सीटबेल्टच्या बोल्टला अजिबात हात लावू नका, तो जीव वाचवायला आहे. मल्टीमीटर असेल तर डीसी व्होल्टवर एक प्रोब सबच्या ग्राउंडला, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला, गाणं मोठ्याने लावा. 0.2 व्होल्टच्या वर दिसलं तर ग्राउंड कच्चा आहे, अंदाज लावत बसायची गरजच नाही. ज्या गाड्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो तिथे ग्राउंड थेट टर्मिनलला न जोडता बॉडीला द्यायचा, नाहीतर सेन्सरला तुमचा करंट दिसतच नाही.

सकाळी बॅटरी उतरलेली

रिमोट वायर (सबला चालू-बंद व्हायचा इशारा देणारी) कायम चालू असलेल्या बारा व्होल्टला जोडली की सब कधी बंदच होत नाही. नुसता चालू राहून तो समजा अर्धा अँपियर खात असेल तर दिवसाला 12 अँपियर-तास झाले, आणि छोट्या स्पोर्ट्स कारची बॅटरी आधीच लहान, त्यात गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघते. रिमोट वायर स्टिरिओच्या रिमोट आउटपुटला द्या, ते नसेल तर फ्यूज बॉक्समध्ये जिथे चावी फिरवल्यावरच करंट येतो तिथे फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरून वेगळी वायर काढून देणारा तुकडा) लावा. स्पीकरच्या सिग्नलवर आपोआप चालू होणारे सब मिळतात, पण काही गाड्यांत ते दार उघडलं तरी जागे होतात, एकदा तपासून घ्या.

कंपनीच्या स्टिरिओला हाय-लेव्हल इनपुटने (म्हणजे स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घेऊन) जोडताना एक गोष्ट पक्की, स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे ग्राउंड नव्हे. ती बॉडीला टेकली तर स्टिरिओमधला अँप उडू शकतो.

बेसच येत नाही

आधी फेज स्विच, म्हणजे सबचा आवाज बाकीच्या स्पीकरशी जुळवणारा. 0 वर ऐका, 180 वर ऐका, जिथे ड्रायव्हरच्या सीटवरून बेस भरीव वाटेल तिथे ठेवा, यात बरोबर-चूक असं काही नसतं. एवढी साधी गोष्ट, पण सब परत करायला निघालेल्या लोकांनी सुद्धा हा स्विच कधी हलवलेला नसतो.

मग डबल फिल्टर. स्टिरिओमध्ये लो-पास (ठरलेल्या आकड्याच्या वरचे आवाज कापणारा फिल्टर) 80 हर्ट्झ आणि सबवर पण 80 म्हणजे कापलेलंच परत कापणं. एकच वापरा, दुसरा बंद किंवा एकदम वर. दाराच्या छोट्या स्पीकरना मात्र 80-100 च्या आसपास हाय-पास (उलट खालचा बेस कापणारा) द्या, ते बेस मारायचा फुकटचा प्रयत्न सोडतात आणि आवाज लगेच मोकळा होतो.

गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नाही, ते स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवायला असतं. आणि बेस बूस्ट तर शून्यावरच ठेवा, 6 डेसिबल वाढवले की अँपकडे चौपट पॉवर मागितली जाते, 12 ला जवळपास सोळापट, ती या डब्यात येणार कुठून? मग फटफट आवाज येतो, डबा तापतो, प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो आणि आपण म्हणतो माल खराब. वरून कार्पेट पांघरलं असेल तर अजूनच लवकर, कारण तो ॲल्युमिनियमचा डबाच हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग असतो.

व्हॉल्यूम वाढवल्यावर उलट बेस कमी होत असेल तर ती सबची चूक नसते, बरेच फॅक्टरी स्टिरिओ छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून मोठ्या आवाजात बेस स्वतःच कापतात.

सेटिंग छत बंद करून केलं असेल तर छत उघडल्यावर बेस गायब होणारच. बंद छोट्या केबिनमध्ये खालचा बेस आपोआप फुगतो, छत उघडलं की तो फायदा जातो आणि वर वारा आणि टायरचा आवाज नेमका त्याच पट्ट्यात बसतो. म्हणून सोबतचं बेस कमी-जास्त करायचं वायरवालं बटण खोक्यात पडून राहू देऊ नका, गिअरच्या जवळ हाताला येईल असं लावा, छत बंद असताना एक खूण, उघडं असताना दुसरी.