जखमी हरणाचा माग काढायचा तर आधी थांबा

हरीण जागेवर कोसळलं नाही आणि झाडीत घुसलं, तर पहिलं काम म्हणजे जागचं न हलणं. माझ्यासोबत येणाऱ्या प्रत्येक नवख्याला मी हे आधीच बजावते, तरी त्याचा पाय उचलतोच. जखमी जनावरं हातची जातात ती बहुतेक याच घाईने. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे. परवाना घेऊन, हंगामात शिकार करता येते अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.)

मचाणावरूनच दोन खुणा पक्क्या करा: हरीण उभं होतं ती जागा, आणि ते शेवटचं दिसलं ती जागा. खाली उतरलं की सगळी झुडपं सारखीच दिसतात, म्हणून वरूनच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घड्याळ बघा. कान उघडे ठेवा, कारण पडल्याचा आवाज पुष्कळदा ऐकू येतो.

गोळी किंवा बाण लागताच हरीण कसं वागलं, तेही आठवा. मागचे पाय झाडून उसळलं आणि खाली मान घालून सुसाट पळालं, तर बहुधा छातीत लागलंय. पाठीला पोक काढून, अंग चोरत हळूहळू चालत गेलं, तर मात्र पोटात लागल्याची शक्यता मोठी.

मग हळूच, न बोलता हरीण उभं होतं त्या जागेपर्यंत जा. तिथे रक्त आणि केस शोधा. फिकट गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त म्हणजे फुप्फुस. गडद, काळपट लाल म्हणजे यकृत असू शकतं. रक्तात हिरवट-तपकिरी चोथा असेल किंवा आंबूस घाण वास येत असेल, तर कोठा किंवा आतडी फुटली आहेत. बाण सापडला तर तो नाकाशी नेऊन हुंगाच, कारण रंग फसवतो तिथे वास बोलतो. तजेलदार लाल रक्त हृदयाचं असू शकतं, तसंच नुसत्या मांडीच्या मांसाचंही. मांसाच्या जखमेचा माग सुरुवातीला भरघोस असतो आणि पुढे विरळ होत जातो.

किती थांबायचं ते यावरून ठरतं. हृदय-फुप्फुसात लागलंय अशी खात्री असेल तरी अर्धा तास. यकृताला चार ते सहा तास. पोटात लागलं असेल तर आठ ते बारा तास, म्हणजे संध्याकाळची गोळी असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी. मागे कोणी लागलं नाही, तर जखमी हरीण जवळच्याच आडोशाला बसतं आणि बहुधा तिथेच मरतं. उठवलं, तर ते भीतीच्या जोरावर लांबवर जातं. पोटाच्या जखमेवर चरबी नाहीतर आतडं येऊन बसलेलं असतं, त्यामुळे वाटेत रक्तही सांडत नाही. पाऊस येणार असेल तर माग धुऊन जाईल ही भीती खरी आहे. तरी पोटाची जखम असेल तर मी थांबतेच. धुतलेल्या मागावर बसलेलं हरीण सापडू शकतं, उठवून पळवलेलं क्वचितच. उकाड्यात मांस खराब होईल हे मान्य, पण त्यासाठी त्या जिवाला आणखी दामटवणं मला पटत नाही.

माग काढताना मागावरून चालू नका, त्याच्या कडेने चाला. दोघेच पुरेत. एकाने शेवटच्या थेंबापाशी उभं राहायचं, दुसऱ्याने पुढचा शोधायचा. प्रत्येक थेंबाशी कागदी पट्टी लावा. मागे वळून त्या पट्ट्यांची रांग पाहिली की हरणाची दिशा कळते. नुसती जमीन बघू नका. गवताच्या पात्याच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवरच्या पानावर, आडव्या पडलेल्या ओंडक्यावर रक्त घासलेलं असतं. झुडपांच्या दोन्ही बाजूंना लागलं असेल तर गोळी आरपार गेली आहे. थेंबाचा आकारही बघा. चारी बाजूंनी सारखा फुटलेला थेंब म्हणजे ते तिथे थांबलं होतं. एका बाजूला शेपटासारखा ओढलेला असेल तर ते शेपूट ज्या दिशेला, तिकडेच हरीण गेलं. लालसर पानांत डाग कळेनासा झाला की त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड फवारा. रक्त असेल तर फेस येतो.

रक्त संपलं म्हणून माग संपत नाही. छातीत वरच्या बाजूला लागलं तर रक्त आतच साठतं आणि बऱ्याच अंतरापर्यंत बाहेर थेंबही येत नाही. अशा वेळी उलटलेला ओला पाचोळा, फाकलेल्या खुरांचे खोल ठसे, फरपटलेल्या पायाची रेघ बघा. तेही दिसेना झालं तर शेवटच्या पट्टीपासून वर्तुळं मोठी करत जा. पोटात लागलेलं हरीण पुष्कळदा पाण्याकडे जातं, तेव्हा ओढ्याचे काठ आधी. काही हरणं आल्या वाटेने मागे फिरून बाजूला घुसतात, हेही लक्षात असू द्या. कायदा परवानगी देत असेल तर दोरीला बांधलेला, माग काढायला शिकवलेला कुत्रा लगेच बोलवा. तो येईपर्यंत माणसांनी ती जागा तुडवू नये.

हरीण दिसलं की मागच्या बाजूने जा, शिंगं आणि खुरांच्या टप्प्यात शिरू नका. छाती हलते का ते काही वेळ बघा. मेलेल्या हरणाचे डोळे सहसा उघडे असतात. मिटलेले असतील तर ते जिवंत समजा. लांब काठीने बुबुळाला स्पर्श करा. पापणी हलली तर मागे सरून छातीत ताबडतोब दुसरी गोळी घाला, सुरी घेऊन जवळ जाऊ नका.

पोट फाडण्याआधी गोळी कुठून शिरली, कुठून निघाली ते बघा आणि सकाळपासून दिसलेल्या रक्ताशी ताडून पाहा. पोटातली जखम असेल तर वेळ न घालवता आतडी काढा, हिरवट डाग लागलेलं मांस कापून टाका आणि पोकळी उघडी धरायला मध्ये एक काटकी अडकवा, म्हणजे आतली ऊब निघून जाईल.